पदवीधर ट्रेनी, 'अनुभवातून शिक्षण' आणि रिसॉर्टमधले तराफे: तुमच्या कंपनीत काय चालतं?

कुळागर

मंडळी, नमस्कार.

वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत ट्रेनिंग सांभाळतो. (नाव विचारू नका, नोकरी टिकवायची आहे.) दरवर्षी पावसाच्या तोंडावर बीएस्सी, एमएस्सी, बी.फार्म आणि थोडे बी.ई. झालेले ट्रेनी येतात. म्हापसा, फोंडा, केपे, काणकोण इथले असतात, बांदा-सावंतवाडीचे असतात, कारवारकडचेही असतात. यंदा वरून फर्मान आलं की इंडक्शनमध्ये काहीतरी 'एक्स्पिरिएन्शिअल' पाहिजे. कोटेशनं मागवली. आलेल्या प्रत्येक कोटेशनात मजकूर जवळपास तोच: दक्षिण गोव्यातलं रिसॉर्ट, दोन दिवस, डोळ्यांवर पट्टी बांधून चालणं, ड्रम आणि बांबूंचा तराफा, संध्याकाळी डीजे आणि बॅनर धरून फोटो.

माझा या प्रकाराला तत्त्वतः विरोध नाही. पण अनुभवातून शिकवणं म्हणजे मुलांना दमवणं, असा जो समज झालाय तो मला खटकतो. या विषयात ज्याचं नाव सगळे घेतात त्या डेव्हिड कोल्बने १९८४ मध्ये जे चक्र मांडलं त्याचे टप्पे चार: अनुभव घ्या, त्याकडे मागे वळून बघा, त्यातून काही सूत्र काढा, मग ते सूत्र नव्या ठिकाणी लावून बघा. कोटेशनांत पहिला टप्पा दीड दिवसाचा असतो आणि उरलेले तीन मिळून चहाच्या आधीची वीस मिनिटं.

आम्ही गेल्या काही बॅचेसपासून प्रयोगशाळेतच एक प्रकार करतो, तो सांगतो. क्यूसीतून (गुणवत्ता तपासणी विभागातून) काढून ट्रेनिंगसाठी बाजूला ठेवलेलं एक एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं उपकरण) आहे. त्यावर ट्रेनीला गोळ्यांचा 'असे' (assay, म्हणजे गोळीत ठरलेल्या प्रमाणाच्या किती टक्के औषध आहे ते मोजणं) करायला देतो. मर्यादा ९५ ते १०५ टक्के. नमुना आम्हीच मुद्दाम थोडा कमी भरेल असा बनवलेला. काम दुपारी उशिरा सुरू करून देतो, म्हणजे रिझल्ट येईपर्यंत पाच वाजत येतात. साडेपाचला कंपनीची बस सुटते आणि ती चुकली की वेर्ण्याहून केपे गाठायला काय दिव्य करावं लागतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. स्क्रीनवर ९३ पॉइंट काहीतरी येतं. तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडे प्रॉडक्शनचा सीनिअर (तोही आमच्याच कटातला): "काय रे, आला काय रिझल्ट? बॅच अडकलीय."

आता गंमत बघा. एसओपी (काम कसं करायचं याची लेखी पद्धत) सगळ्यांनी वाचलेली असते, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क असतात. करायचं एवढंच: थांबायचं, द्रावणं तशीच राखून ठेवायची, जे आलं ते वहीत लिहायचं, सुपरवायझरला सांगायचं. आणि होतं काय? कोणी म्हणतो परत एकदा इंजेक्ट करून बघूया. कोणी आलेखातल्या पीकची (उंचवट्याची) बेसलाइन माऊसने हळूच खाली ओढून एरिया, म्हणजे पर्यायाने आकडा, वाढतो का ते बघतो. कोणी व्हायल (द्रावणाची छोटी बाटली) धुवायला टाकतो, कारण 'आपलंच डायल्युशन चुकलं असणार'. एका मुलीने आकडा बॉलपेनने तळहातावर लिहून घेतला, बसमध्ये बसून वहीत उतरवणार होती. हुशार मुलगी, प्रामाणिक मुलगी. फसवायचं तिच्या मनातही नव्हतं, तिला फक्त बस पकडायची होती.

बस आम्ही चुकवत नाही, काम तिथेच थांबवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर ऑडिट ट्रेल लावतो. कुठली क्लिक कोणी किती वाजता केली, सगळं सेकंदासकट दिसतं. पहिला प्रश्न 'चूक कोणाची' हा नसतो. 'फोन वाजला तेव्हा मनात काय आलं?' हा असतो. तिथून दोन तास जी चर्चा होते तिच्यात डेटा इंटेग्रिटी (नोंदी खऱ्या आणि पूर्ण ठेवणं) अशी शिरते की नंतर पोस्टर लावायची गरज पडत नाही. मग मी त्यांना बार लॅबोरेटरीजचा अमेरिकेतला १९९३ चा खटला सांगतो. रिझल्ट पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा चाचणी करत राहणं कोर्टाने चालवून घेतलं नाही, आणि मर्यादेबाहेरच्या रिझल्टची चौकशी कशी करायची याची आजची शिस्त बऱ्याच अंशी तिथून आली. आदल्या दिवशी स्वतःच तो मोह झालेला असल्यामुळे खटला ऐकताना कोणी जांभई देत नाही.

यात डोंगर नाही, तराफा नाही, फोटो तर नाहीच. म्हणून वरच्या लोकांना हे 'एक्स्पिरिएन्शिअल' वाटत नाही. त्यांना कसं पटवायचं? आणि तुमच्याकडे हॉटेल, आयटी, बँक, जहाजबांधणी यांत नव्या पदवीधरांना कसं तयार करतात? मनमोकळं लिहा.

तिरकस

पटवू नका. तराफ्यावर जा, मासे खा, परत या. कंपनीच्या पैशाने एवढंच मिळतं.

गंभीरपणे सांगायचं तर या क्षेत्रात शास्त्र कमी आणि स्लाइड जास्त. ७०-२०-१० चं सूत्र प्रत्येक ट्रेनरच्या तोंडी असतं: सत्तर टक्के माणूस कामातून शिकतो, वीस टक्के इतरांकडून, दहा टक्के वर्गात. हे आकडे १९८० च्या दशकात सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपच्या मंडळींनी यशस्वी मॅनेजरांना 'तुम्ही कशातून शिकलात' असं विचारून काढलेल्या उत्तरांवरून आलेत. म्हणजे आठवणीवरून. आणि विचारलं कोणाला? पोहोचलेल्या साहेबांना, तेविशीतल्या पोराला नव्हे. ज्याला काहीच येत नाही त्याला आधी वर्गात बसवून चार गोष्टी नीट शिकवाव्याच लागतात.

तुमचा एचपीएलसीचा प्रकार मात्र आवडला. तळहात तर फारच.

पावसाळी_ढग

मी स्वतः ट्रेनी आहे (दुसरी कंपनी, तीही औषधांचीच), म्हणून लिहितो.

जॉइन झाल्यावर कित्येक आठवडे आम्ही एसओपी वाचत होतो. वाचायची, 'वाचलं व समजलं' समोर सही करायची, पुढची घ्यायची. एसीत बसून डोळे मिटायला लागले की सीनिअर म्हणायचे, जा चहा पिऊन ये. मग आमचं आउटबाउंड (बाहेर नेऊन खेळांतून ट्रेनिंग) झालं. मजा आली, खोटं कशाला बोलू. डोळ्यांवर पट्टी बांधून मित्राचा हात धरून चाललो. शेवटी त्या सरांनी इंग्रजीत विचारलं, 'व्हॉट डिड यू लर्न?' सगळे गप्प. मग कोणीतरी म्हणालं 'टीमवर्क', दुसरा म्हणाला 'ट्रस्ट', आणि सर खूश. खरं बोलणं बसमध्ये परत येताना झालं, कोकणीतून. आमच्यातल्या एकाला पट्टी बांधल्यावर खरोखर घाम फुटला होता, पण नाही म्हणायची लाज वाटली. ते सरांपर्यंत पोचलंच नाही.

खरं शिकलो ते ग्रॅन्युलेशनला (गोळ्यांसाठी पावडर ओली करून दाणे बनवतात तिथे). तिथे एक ऑपरेटर काका आहेत, दहावी झालेले, नोकरीत माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं. मी मिक्सर ग्रॅन्युलेटरच्या अँपिअरवर डोळा लावून बसलेलो, कारण एंड पॉइंट (माल तयार झाला, आता थांबायचं, तो क्षण) तिथूनच कळतो असं शिकवलेलं. काका म्हणाले, आकडा बघ, पण मालपण बघ. सॅम्पल काढल्यावर ग्लव्ह घातलेल्या मुठीत ओला माल दाबून दाखवला. मूठ उघडली तर गोळा तसाच उभा. बोटाने हलकेच दाबला तर मधून सरळ दोन तुकडे झाले. 'असो मोडूंक जाय (असा मोडायला हवा). पीठ झालं तर पाणी कमी, बोटाला चिकटलं तर जास्त.' मग मला करायला लावलं. त्या दिवशी अँपिअरचा आकडा कशामुळे चढतो ते डोक्यात बसलं. कॉलेजात ते आलेख मी पाठ केले होते.

म्हादयी_काठी

कुळागर, धागा चांगला आहे, पण आमच्या पोटावर पाय देताय म्हणून दोन शब्द. मी सत्तरी तालुक्यातला, आउटबाउंड घेतो.

हे खेळ रिसॉर्टवाल्यांनी शोधलेले नाहीत. कुर्ट हान आणि जहाज कंपनीचा लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्समध्ये अ‍ॅबरडोव्हीला पहिली आउटवर्ड बाउंड शाळा काढली ती युद्धकाळात. जहाज बुडाल्यावर तरणी खलाशी पोरं हाय खातात आणि जुनी माणसं तग धरतात, असं होल्टचं म्हणणं होतं. पोरांना बळ होतं, पण आपण तग धरू शकतो याचा अनुभव नव्हता. तो सुरक्षित जागी आधी द्यावा, एवढी साधी कल्पना. आपल्याकडे टाटा स्टीलने बचेंद्री पाल एव्हरेस्टवर चढल्या त्याच वर्षी, १९८४ मध्ये, त्यांना घेऊन जमशेदपूरला साहस प्रतिष्ठान उभं केलं. त्यात कंपनीची माणसं डोंगरात नेण्याचं काम आजवर चाललंय. तेव्हा डोंगराला नावं ठेवू नका.

आता आमच्या बाजूची रड. पावसाळ्यात म्हादईत राफ्टिंग चालतं. राफ्टमध्ये सगळे एका लयीत वल्हवले नाहीत तर बोट आडवी होते, आणि हे कोणाला समजवायला लागत नाही, पाणीच समजवतं. उतरल्यावर तासभर तरी बसून बोलायला हवं: कोण ओरडत होता, कोणाचं कोणी ऐकलं नाही, एक मुलगी बरोबर सांगत होती तरी तिचा आवाज का पोचला नाही. पण बुकिंग करतानाच एचआरचा माणूस विचारतो, 'डिस्कशन थोडं शॉर्ट करता येईल का? डीजे आठला आहे.' पैसे तो देतो. मी कापतो. मग तुम्ही इथे लिहिता की आउटबाउंडमध्ये चर्चा नसते.

आणि पावसाळी_ढग, पट्टी बांधायला नाही म्हणायची पूर्ण मुभा असते. 'ज्याला जेवढं झेपेल तेवढंच' हा या धंद्यातला मूळ नियम आहे. तो सुरुवातीलाच, आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगितला नसेल, तर तो ट्रेनर कच्चा.

दाबोळीचा_दादा

मी नौदलातून निवृत्त. विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं, शेवटची पोस्टिंग इथे आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर.

फ्लाइंगमध्ये प्रत्येक सॉर्टीनंतर (उड्डाणानंतर) डीब्रीफ, म्हणजे काय झालं यावर बसून बोलणं. पाऊस असो, लग्न असो. आणि तिथे ज्युनिअरने सीनिअरला 'सर, तुम्ही कॉल उशिरा दिलात' म्हणायची सोय असते. अमेरिकन सैन्याने १९७० च्या दशकात याचीच 'आफ्टर अ‍ॅक्शन रिव्ह्यू' नावाची पद्धत बसवली. त्यात विचारायचं एवढंच: काय व्हायचं ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. कंपन्यांनी नाव उचललं, मुभा उचलली नाही. साहेब खोलीत बसलेला असताना ट्रेनी कधीच खरं बोलणार नाही. कुळागर, तुमच्या त्या सकाळच्या चर्चेत क्यूसी हेड बसतात का?

कुळागर

@दाबोळीचा_दादा: नाही बसत. एकदा बसले होते आणि दोन तासांची चर्चा पंचवीस मिनिटांत आटोपली. तेव्हापासून ते शेवटी येतात, चहाला. आणि चर्चा कोकणी-मराठीत, ज्याला जे येईल त्यात. कारवारच्या मुलांना काही अडत नाही. केरळ किंवा ओडिशाचा एखादा असला की हिंदी मिसळायची.

@पावसाळी_ढग: त्या ऑपरेटर काकांना जप रे. ती मूठ कुठल्याही एसओपीत सापडणार नाही.

आबोली

हॉटेलमध्ये एल अँड डीला (कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण विभागात) आहे, म्हणून आमची बाजू.

आमच्या क्षेत्रात अनुभवातून शिकवणं पहिल्यापासून आहे, त्याचं कौतुक कोणी करत नाही इतकंच. हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना इंडस्ट्रियल ट्रेनिंग सक्तीचं, त्यात फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन, सर्व्हिस असं सगळीकडे फिरवतात. पदवी घेऊन मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून आला तरी सुरुवातीला चादरी घालाव्या लागतात. बेडच्या चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडायला शिकला की पुढे तोच मुलगा हाउसकीपिंगला 'अजून खोली तयार का नाही' असं फोनवर खेकसत नाही.

पण काळी बाजूही सांगते. नाताळ ते नववर्ष हॉटेल फुल्ल असतं, तेव्हा 'लर्निंग' वगैरे सगळं गुंडाळून ठेवतात आणि ट्रेनी म्हणजे फुकटचा हात होतो. मी आधी जिथे होते तिथे एका मुलाला अख्खा सीझन बँक्वेटमध्ये ग्लास पुसायला लावलं होतं. तो अनुभव नव्हता का? होता की! पण त्यातून तो काय शिकला तर हॉटेल लाइन सोडायची. सध्या क्रूझवर आहे. अनुभव आपोआप शिकवतो हे थोतांड आहे. कोणीतरी मधे थांबवून विचारावं लागतं.

आता मी एकच गोष्ट बदलली आहे. ट्रेनीला प्रत्येक विभागात एक खरा, छोटा प्रश्न देते, ज्याचं उत्तर मलाही ठाऊक नसतं. उदाहरणार्थ, रविवारी चेकआउटची रांग साडेअकराला का तुंबते? ती पोरगी दोन रविवार लॉबीत उभी राहिली आणि तिने शोधलं, की अडचण फ्रंट डेस्कवर नाहीच. मिनीबारचा हिशेब हाउसकीपिंगकडून वर यायला वेळ लागतो, म्हणून बिल अडतं. मग मिनीबार आदल्या रात्री टर्नडाउनच्या वेळीच (झोपण्यासाठी खोली आवरतात तेव्हा) तपासायला सुरुवात केली. जी.एम.समोर तिनेच मांडलं. तराफ्यापेक्षा हे स्वस्त पडलं.

खाजनवाट

मूळ प्रश्न वेगळाच आहे. वेर्ण्याच्या किती कंपन्या गोंयकार मुलांना घेतात? आधी घ्या तरी, मग अनुभव द्या. इंटरव्ह्यू ठेवतात बाहेरच्या राज्यात आणि इथल्या मुलांना पेपरात वाचून कळतं.

संपादक

खाजनवाट, विषय महत्त्वाचा आहे, पण त्यावर स्वतंत्र धागा चालू आहे. इथे फाटे नकोत. खालचे चार प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

जुना_फोरमन

मुलगा टाइप करून देतोय, चुकलं तर त्याला बोला.

मी शिपयार्डात पस्तीस वर्षं काढली, शेवटी फोरमन. इंजिनिअर ट्रेनी दरवर्षी यायचे. सगळे इथे ट्रेनीबद्दल बोलताय, शिकवणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. त्या मुठीवाल्या ऑपरेटरच्या जागी मी स्वतःला ठेवून बघतो. आयटीआय केलेला माणूस. त्याच्या हाताखाली बी.ई. झालेला पोरगा येतो, पंप कसा ऐकायचा, वेल्डची शिवण डोळ्याने कशी ओळखायची ते सगळं शिकतो, आणि दोन वर्षांनी त्याच माणसाचा साहेब होऊन रजेच्या अर्जावर सही करतो. का शिकवावं त्याने? मी शिकवलं, कारण माझ्या फोरमनने मला शिकवलं होतं. पण बरेच जण हातचं राखून शिकवायचे, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

एका वेल्डरने ट्रेनीला मुद्दाम ओल्या इलेक्ट्रोडचा पुडा दिला होता. वेल्डवर बारीक बारीक भोकं. पोरगा दिवसभर करंट कमी-जास्त करत बसला. संध्याकाळी वेल्डर म्हणाला, 'बाबा, आधी ओव्हन बघतात, मग मशीन.' पोरगा चिडला, पण इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये का ठेवतात ते विसरला नसणार. आता याला तुम्ही एक्स्पिरिएन्शिअल म्हणा नाहीतर रॅगिंग म्हणा. फरक एवढाच की संध्याकाळी त्याने सांगितलं. काही जण सांगतच नाहीत.

तेव्हा कुळागर साहेब, रिसॉर्टचे पैसे वाचले तर ते ऑपरेटरला द्या. शिकवण्याचा भत्ता. आणि ट्रेनी कन्फर्म होतो त्या कागदावर त्याचंही मत घ्या.

फर्मागुढी

इंजिनिअरिंगला शिकवतो. जुना_फोरमन काकांना दंडवत.

कॉलेजकडून दोन गोष्टी. पहिली, हा अनुभव पदवीनंतरच सुरू व्हायला हवा असं नाही. झुआरीनगरचं बिट्स कॅम्पस २००४ चं, पण त्यांची प्रॅक्टिस स्कूल पिलानीत १९७३ पासून आहे. शेवटच्या वर्षात साडेपाच महिने कंपनीत खऱ्या कामावर, आणि त्याचे मार्क पदवीत धरतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे साध्या बीएस्सी-बीकॉमलाही इंटर्नशिपचे क्रेडिट आले आहेत. अडचण ही, की मुलं शेकड्यांनी आणि जागा मोजक्या. मग काकाच्या दुकानातून सर्टिफिकेट आणतात, आम्हीही डोळे मिटून घेतो.

दुसरी, कायद्याचा वापर करा. अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घेणं बंधनकारक झालं. त्याच नियमांत पदवीधरासाठी महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं आणि राष्ट्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेतून (NATS) किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. बहुतेक एचआर हे कलम पाळायचं म्हणून पाळतात, पोर्टलवर नाव चढवतात आणि मुलाला फाइलिंगला बसवतात. पण वर्षभराचा प्रशिक्षण आराखडा असणं त्यात अपेक्षितच आहे. कुळागर, तुमचा एचपीएलसीचा सराव आणि तो ऑपरेटर दोघांनाही त्या आराखड्यात बसवा. वरच्यांना 'एक्स्पिरिएन्शिअल' शब्द कळत नसेल, 'कम्प्लायन्स' नक्की कळतो.

शंखशिंपला

मला एक गोष्ट टोचली, ती लिहिते. नमुना मुद्दाम कमी बनवायचा, खोटा फोन करायचा, बसची भीती घालायची, हे मुलांना सापळ्यात पकडणं नाही का? नोकरी नवीन, घरचं टेन्शन, वर ऑडिट ट्रेल सगळ्यांसमोर पडद्यावर. माझी मुलगी यंदा अशाच एका कंपनीत लागली आहे. तिचा हात असा सगळ्यांसमोर दाखवलेला मला आवडला नसता.

तिरकस

शंखशिंपला ताईंशी सहमत. हे लिहिताना मलाही आश्चर्य वाटतंय.

कुळागर

ताई, प्रश्न रास्त आहे, आणि आमच्याकडेही यावर वाद झाले आहेत. म्हणून तपशील देतो. सकाळीच सगळ्यांना सांगतो, की आज सराव आहे, यात काहीतरी बिघडणार आहे, काय ते सांगणार नाही. म्हणजे अंधारात कोणी नसतं. आणि गंमत म्हणजे हे सांगूनही फोन वाजला की माणूस विसरतो. पडद्यावर नावं नसतात, अ, ब, क असतं. तळहाताची गोष्ट त्या मुलीने चर्चेत स्वतःच सांगितली, हसत हसत. आम्हाला दिसलंही नव्हतं. या सरावातलं काहीही तिच्या फाइलमध्ये जात नाही, कन्फर्मेशनला तर नाहीच. हे एचआरकडून लेखी घेतलंय. हे नसेल तर हा प्रकार कोणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक, औषध कंपनीतल्या लोकांसाठी. हा सराव चालू प्रयोगशाळेच्या सिस्टिमवर चुकूनही करू नका. वेगळं उपकरण, वेगळा सर्व्हर, प्रत्येक कागदावर 'प्रशिक्षण' असा शिक्का. नाहीतर उद्या इन्स्पेक्टरला ती इंजेक्शनं सापडली तर समजावता समजावता नाकी नऊ येतील.

@जुना_फोरमन: काका, भत्त्याचं वर मांडतो. मिळेल याची खात्री देत नाही. पण कन्फर्मेशनच्या कागदावर ऑपरेटरच्या मताची ओळ टाकणं माझ्या हातात आहे, ती या बॅचपासून टाकतो.

@फर्मागुढी: कम्प्लायन्सचा मुद्दा भारी. उद्याच फाइल काढतो.

दाबोळीचा_दादा

मोजता कसं ते लिहा. नाहीतर वरचे लोक विचारतीलच.

कुळागर

दादा, इथेच खरी कसरत आहे. डोनाल्ड किर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकला का, वागणूक बदलली का, कामावर परिणाम झाला का. रिसॉर्टवाले पहिल्या पायरीवर फॉर्म भरून घेतात, जेवण चांगलं असेल तर पाचपैकी पाच. मी तिसऱ्या पायरीवर नजर ठेवतो. ट्रेनींच्या वह्या आणि बॅच रेकॉर्ड क्यूएकडे (गुणवत्ता हमी विभागाकडे) तपासायला जातात तेव्हा उशिरा केलेल्या नोंदी, खाडाखोड, सही राहिलेली पानं, हे सगळं तिथे आधीच नोंदलं जातं. सराव झालेल्या आणि न झालेल्या बॅचेस शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. फरक निव्वळ सरावामुळे पडला असं छातीठोकपणे म्हणणार नाही, मधल्या काळात सुपरवायझरही बदलले. पण मला सगळ्यात बोलका वाटणारा आकडा वेगळाच आहे: ट्रेनीने स्वतःहून येऊन 'सर, माझ्याकडून हे चुकलंय' असं सांगितलेल्या घटना. त्या वाढल्या. डेव्हिएशनचा (ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या चुकांच्या नोंदींचा) तक्ता त्यामुळे आधीपेक्षा वाईट दिसतो आणि प्लांट हेडना वाटतं ट्रेनिंग फसलं. हे त्यांना समजावणं एचपीएलसीपेक्षा अवघड आहे.

म्हादयी_काठी

मग असं करा ना. सराव तुमच्या लॅबमध्ये, चर्चा आमच्याकडे सत्तरीत. ना डीजे, ना बॅनर. एक दिवस, दुपारी शीत-कडी. वाळपईपर्यंत कंपनीची बस येतेच. आणि फोरमन काकांच्या वयाची दोन माणसं आणा, ट्रेनी त्यांच्याशी बोलतील.

आबोली

कुळागर, सराव चालू असताना कोपऱ्यात बसून निरीक्षण करणारा माणूस काय लिहितो, त्याचा कोरा कागद इथे टाकता येईल का? कंपनीचं नाव काढून. मला तो नाइट ऑडिटला (रात्री दिवसभराचा हिशेब जुळवतात तेव्हा) लावून बघायचाय. रात्री दोन वाजता कॅश जुळत नसताना ट्रेनी काय करतो ते कोणी बघतच नाही.

कुळागर

टाकतो. एकच पान आहे. डाव्या बाजूला वेळ, मधे 'काय केलं', उजवीकडे 'काय बोलला'. 'काय वाटलं' हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही, तो दुसऱ्या दिवशी ट्रेनीनेच भरायचा. निरीक्षक शक्यतो दुसऱ्या विभागातला घ्या, तुमच्याकडे फ्रंट ऑफिसचा नको. आणि त्याला आधी बजावा, की मदत करायची नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. आमच्या पहिल्या निरीक्षकाचा चेहरा बघूनच मुलं उत्तर ओळखायची.